या सत्रात पहिली काय शिकणार

नाना,

यंदा शाळा उघडल्यावर पहिली पालकसभा झाली. या सत्रात पहिलीचा वर्ग काय शिकणार, ते मी आयाबापांपुढे उभं राहून सांगितलं. तुम्हीही दर वर्षी हेच करायचात. मारुतीच्या पारावर माणसं जमायची, तुम्ही टोपी नीट करून उभे राहायचात आणि दिवाळीपर्यंत पोरं काय काय शिकतील ते सांगायचात. बाराखडी, अंक, दोन कविता, नखं कापायची सवय. आणि दर वेळी शेवटी एकच वाक्य, "मुलं शुद्ध बोलायला शिकतील." त्यावर सगळे माना डोलवायचे. केळीच्या, कापसाच्या वावरातून थेट आलेली, घरीदारी अहिराणी बोलणारी माणसं ती. आपलं बोलणं अशुद्ध आहे हे त्यांना तुमच्याकडूनच कळत होतं आणि वर ते तुमचे आभार मानत होते. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की पारावरच्या त्या माणसांतलेही थोडेच उरलेत. माझं तुमच्याशी भांडण मात्र उरलं आहे. तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत कधी झाली नाही, म्हणून लिहिते आहे.

माझी शाळा धडगावच्याही वर, डोंगरात आहे. बदली झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, मला कुणीतरी शिक्षाच दिली. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीच्या पुढे उतार, आणि उतारावर विखुरलेली घरं. पोरं घरी पावरी बोलतात. मराठी त्यांना पहिल्यांदा भेटते ती माझ्या तोंडून, आणि भेटते तीही हुकमासारखी. बस, ऊठ, गप्प, इकडे बघ. यंदा पहिलीत एक मुलगी आली. रस्त्याने मैत्रिणींबरोबर येताना तिची बडबड मला खोलीत ऐकू यायची. उंबऱ्याच्या आत पाय पडला की ती बंद. हजेरीला नाव घेतलं तर नुसता हात वर. तिला काही येत नाही असं मी म्हणू शकत नव्हते, कारण उंबऱ्याबाहेर ती अख्ख्या वर्गाला ऐकवत होती. तिच्याकडे बघताना मला माझीच पहिली आठवायची. माझ्या पहिलीचे गुरुजी तुम्ही होतात.

शाळेत तुम्हाला गुरुजी म्हणायचं आणि घरी नाना, हे मी लवकर शिकले होते. एवढं सोडून बाकी सगळं मला अवघडच गेलं. तो दिवस तुम्हाला आठवत असेल असं मला वाटत नाही. तुम्ही फळ्यावर बेरजा लिहिता आहात आणि मी उभी राहून म्हणते आहे, "गुरुजी, माले बाहेर जानं शे." तुम्ही वळून बघत नाही. "नीट बोल," एवढंच म्हणता. मला ते वाक्य येत होतं, नाना. रोज तुम्ही ते घोकून घेत होतात. पण त्या क्षणी ते सापडेना. मला बाहेर, मला बाहेर, एवढंच ओठावर येत होतं आणि पुढचा शब्द येत नव्हता. तुम्ही म्हणालात, "पूर्ण वाक्य." मग व्हायचं ते झालं. पायाखालची फरशी ओली झाली, मागच्या बाकावरची पोरं हसली, आणि तुम्ही खडू न थांबवता बेरीज पूर्ण केलीत. सुट्टी होईपर्यंत मी तशीच उभी होते. मला बस म्हणायचं तुमच्या लक्षात राहिलं नाही, की तुम्ही मुद्दाम म्हणाला नाहीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आईनं फ्रॉक धुतला. रात्रीच्या स्वयंपाकाला बसली असताना ती तुम्हाला बोलली. तुमच्यापुढे तिला तसं बोलताना मी तेवढं एकदाच ऐकलं. हात पिठात, नजर तव्यावर. "पोर शे ती. तिले येस तशी बोलनी. तिना काय गुन्हा शे?" तुम्ही ताटावरून मान वर केलीत. आवाज चढवला नाहीत. तुम्ही तो कधीच चढवायचा नाहीत. "तुझ्यामुळेच तिची जीभ अशी झाली," म्हणालात. "उद्यापासून पोरीशी बोलायचं असेल तर नीट बोल. नाही जमत तर बोलू नकोस." आईला जमत नव्हतं. तिनं दुसरा पर्याय घेतला. मला भूक लागली का हे ती ताट वाजवून विचारायला लागली. वेणी घालताना डोकं वळवायचं असेल तर हनुवटीला धरून वळवायची. तुम्ही शेतावर किंवा शहाद्याला गेलात की ती चुलीशी गुणगुणायची, पण मी आत आले की थांबायची. मी तुमची हेर आहे असं तिला वाटायचं की काय कोण जाणे. गावात मात्र आपल्या घराचं कौतुक होतं. गुरुजींच्या घरात पुस्तकासारखं बोलतात, असं लोक म्हणायचे. बरोबरच होतं. पुस्तकही आपण होऊन कुणाशी बोलत नाही.

सातवीत मी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले. विषय होता 'मातृभाषेचे महत्त्व'. भाषण तुम्ही लिहून दिलं होतंत, कुठे थांबायचं, कुठे हात उचलायचा, सगळं. तुम्ही खूश झालात. शहाद्याच्या बाजारात नेऊन मला मनगटी घड्याळ घेतलंत, आणि पट्टा मोठा होत होता म्हणून दुकानदाराकडून स्वतः उभं राहून भोक पाडून घेतलंत. तेवढा वेळ माझं मनगट तुमच्या हातात होतं. ते मला आवडलं होतं, हेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगी एकतर्फी लिहिते. आई त्या दिवशी टाळ्या वाजवायला आली होती. परतताना एसटीत ती माझ्या शेजारी बसली. हळू आवाजात मला म्हणाली, "मातृभाषा म्हंजे कोनती वं?" तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी इतकं घसा फोडून जिच्याबद्दल बोलले, ती कोण, हे तिला कळलं नव्हतं. तुम्ही पुढच्या सीटवर होतात. ऐकलंत, कारण तुमची मान थोडी हलली. मग तुम्ही खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिलात. मी तिला म्हटलं, "मराठी, आई." तिनं "हां" म्हटलं आणि पदर नीट केला.

यंदाच्या पालकसभेत म्हणून मी तुमचं वाक्य बोलले नाही. मी म्हटलं, या सत्रात पहिली आधी आपल्याच बोलीत शिकेल. सकाळी गोष्ट, गाणं, मोजणं, सगळं पावरीत. मोहाच्या बिया मोजायच्या, शेळ्या मोजायच्या, घरच्या माणसांची नावं सांगायची. मग दुपारी तेच मराठीत. बोलताना पोरांना धीर आला की मग अक्षरं. पावरी मला धड येत नाही, ती पोरं मला शिकवतील, असंही म्हटलं. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मला वाटलं, जिंकले.

तेवढ्यात त्या न बोलणाऱ्या मुलीचा बाप उठला. काटक माणूस, दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जाणारा. "मॅडम, आमची बोली आमाला येते. पोरगी ती घरी शिकली. तीच शिकवायला शाळा कशाला?"

मी म्हटलं, "त्या बोलीतून ती मराठी लवकर शिकेल, दादा."

"मी खाली जातो ना," तो म्हणाला. "शहाद्याच्या स्टँडवर गाडी विचारली तरी लोक हसतात. म्हणून मी तोंडच उघडत नाही. दुसऱ्याच्या मागे मागे जातो. हिच्यावर कोणी हसायला नको."

"शाळेतच हसतील ना तिच्यावर, एकदम मराठीत बोलायला लावलं तर."

"हसू द्या. चार दिवस हसतील. मग शिकेल."

मी तुमच्याशी भांडायची तयारी करून गेले होते आणि समोर तुमच्या जागी हा माणूस उभा होता. जे तुम्ही मला कधी समजावून सांगितलं नाहीत, ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. मग मला आठवलं, एकदाच, तुम्ही आजारी असताना सांगितलं होतंत. डी.एड.च्या कॉलेजात पहिल्या पाठाला तुमच्या तोंडून "आहे"ऐवजी "शे" निघून गेलं आणि वर्ग तुमच्यावर हसला. पुढे वर्षभर पोरं तुम्हाला "काय शे?" म्हणून हाक मारायची. सांगून झाल्यावर तुम्ही भिंतीकडे कूस वळवलीत. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आताही वाटतं. पण नाना, कारण समजलं म्हणून राग गेला असं होत नाही. तुमच्यावर हसलेली ती माणसं तुम्ही आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवलीत. आई आयुष्यभर त्यांना वाढत राहिली.

तो बाप बसता बसता म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. नाही शिकली तर खाली आश्रमशाळेत टाकीन." म्हणजे सहा वर्षांची पोर, घरापासून दूर, जिथे रात्री कुशीत बोलायलाही तिचं माणूस नाही. सभा संपली. मी दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सुरुवात केली आणि पहिले काही आठवडे माझी चांगलीच फजिती झाली. माझे पावरी शब्द ऐकून पोरं पोट धरून हसायची. मी हसू दिलं. ती मुलगी हसायची नाही, नुसती माझ्या ओठांकडे बघायची. एके सकाळी मी शेळीबद्दलचं एक वाक्य तिसऱ्यांदा चुकवलं, आणि ती जागेवरून उठून माझ्यापर्यंत आली. मराठीत म्हणाली, "मॅडम, तसं नाही." मग मला ते पावरीत बरोबर म्हणून दाखवलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. मी म्हटलं. तिनं मान हलवली. पुन्हा म्हणायला लावलं. मला जमेपर्यंत ती माझ्यापुढून हलली नाही, आणि जमल्यावर जागेवर जाऊन बसली. त्या दिवसापासून ती दोन्हींत बोलते, आणि बोलायची थांबत नाही. पुढे एकदा तिचा बाप पडवीत येऊन टेकला. बराच वेळ ऐकत होता. मी बाहेर आले तेव्हा म्हणाला, "बोलते मराठी." मी हो म्हटलं. "हसतात का कोणी तिला?" मी म्हटलं, "तिला नाही. मला हसतात." तो थोडासा हसला. आश्रमशाळेचं नाव त्यानं काढलं नाही.

हे सगळं आईला सांगावंसं वाटत होतं. ती माझ्याजवळ असते, धडगावला, भाड्याच्या दोन खोल्यांत. तुमच्या पश्चात तिचं तोंड उघडलं, पण माझ्यापाशी नाही. खालच्या मजल्यावर शिरपूरकडची एक भाजीवाली राहते, तिच्या ओट्यावर आई तासन्‌तास बोलते. परवा शाळेतून येताना मी जिन्यात होते आणि आई तिला सांगत होती, "मन्हीच आंडेर माले पाव्हनी लागस." स्वतःच्या लेकीला, मला, ती पाहुणी म्हणत होती. मी तिथेच थांबले. त्या आवाजात तक्रारही नव्हती. पाऊस पडतो आहे असं सांगावं, तसं ती सांगत होती. मी वर जाऊन भाकरी टाकल्या, ताटं घेतली आणि ती आल्यावर म्हटलं, "माय, जेवाले चाल. भाकर गरम शे." इतक्या वर्षांनी ते शब्द तोंडात ओळखीचे वाटले नाहीत. तरी म्हटले. आई दारात थबकली. माझ्याकडे बघितलं, जसं वर्गात एखादं मूल प्रश्न कळला नाही की बघतं. मग पदर खोचला आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "आले हं. मी हात धुऊन येते आहे." मी विचारलं, "तू अशी का बोलतेस?" ती म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून शिकले. तू फोनवर बोलतेस ना, ते ऐकते मी." चूक एकही नव्हती, नाना. तुमचा वर्ग पुरा झाला. आम्ही दोघी समोरासमोर बसून जेवलो, ती तुमच्या भाषेत मीठ मागत होती आणि मी देत होते.

पोरांना मी उद्याही पावरीतच शिकवणार आहे. आईचं काय करायचं, ते मला कुठल्या प्रशिक्षणात सांगितलेलं नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार? कपाटात साड्यांखाली ठेवते आहे. ठेवण्याआधी मात्र पुन्हा एकदा सगळं वाचून काढलं आणि ऱ्हस्व-दीर्घ तपासले. दोन ठिकाणी चुकले होते. दुरुस्त केले.