खुर्चीला घातलेला मुकुट

लुसेना,
३१ डिसेंबर

प्रिय रुफिना,

तू पाठवलेला रानमध पोचला. बूच मेणाने बंद केलं होतंस म्हणून बाटलीला मुंग्या लागल्या नाहीत. अजून उघडलेली नाही. पालावानला तुम्ही सगळी खुशाल असाल, तुझा गुडघा नाताळात नाचण्याइतका बरा असेल, असं धरून चालतो.

मिरासोलचं लग्न परवा थाटात झालं. आमचं शेंडेफळ एकदाचं उजवलं. किंतिना, म्हणजे तिची सासू, हिने आख्खा मांडव नारळाच्या कोवळ्या झावळ्यांनी मढवला होता. समुद्रावरून वारा आला की तो सळसळायचा, आणि मला शाळेतल्या बाईंचा वर्ग आठवायचा. बाकावरची पोरं एका सुरात कविता म्हणायला लागली की खिडकीबाहेरची झाडं असाच ठेका धरायची. जावई अर्नुल्फो येत्या तीन तारखेला बोटीवर चढेल. पुढचं वर्षभर त्याला पाण्याखेरीज काही दिसायचं नाही.

तुझ्या बहिणीबद्दल, साल्वासियोनबद्दल, तू पुन्हा पुन्हा विचारतेस. तिचं दुखणं थांबलं आहे. आता कण्हत नाही, जेवणाला नावं ठेवत नाही. रोझेंडाने तुला फोनवर सांगितलंच, "मावशी, इनाय सुधारतेय, एवढ्या लांबून धावत येऊ नका." ती बोलत होती तेव्हा मी शेजारीच आंबाडी निवडत बसलो होतो. थोरल्या लेकीच्या हातातला फोन मागून घेणं मला या वयात जमत नाही. म्हणून हे पत्र.

आज सकाळच्या बोटीने लुसेनाला आलो. घरी सांगितलं, चष्म्याची काडी बदलायची आहे. बोटीत उजव्या अंगाला बसलो, जिथे आपण तिघं बसलो होतो. आठवतं का? लग्नाचं कापड आणायला निघालो होतो आणि तुझ्या आईने तुला आम्हा दोघांच्या मधे बसवलं होतं, पहारा म्हणून. तू केवढीशी, पण पहारा कडक. मी समुद्रावरची पाठ केलेली कविता सुरू केली. दुसऱ्या कडव्याला साल्वासियोन म्हणाली, "फोर्तुनातो, कविता मागाहून. आधी बादली दे." तू इतकी हसलीस की केळीच्या पानातला भात डेकवर सांडला. पुढे संसारात मी कविता म्हणायला लागलो की ती नुसती म्हणायची, "बादली." आज समुद्र अगदी शांत होता. कोणालाही बादली लागली नसती.

आता लग्नाचं सांगतो. तुमच्या तिकडे पुतोंगचा विधी करत नसतील. इथे किंतिनाने मुद्दाम माझ्यासाठी ठेवला. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या, एक मला, एक साल्वासियोनसाठी, रिकामी. गावातल्या बायका हातात फुलं घेऊन गात गात पुढे आल्या, मागे सरल्या, पुन्हा पुढे आल्या. माझ्या डोक्यावर फुलांचा मुकुट ठेवला. दुसरा खुर्चीच्या पाठीला अडकवला. मग फुलं आणि सुटी नाणी उधळत त्यांनी दोघांना दीर्घायुष्य मागितलं. शंभर वर्षं जग, साल्वासियोन, असं त्या खुर्चीला गाऊन सांगितलं. म्हातारी आगापिता तर रडली. म्हणाली, "बघ फोर्तुनातो, आमच्या गाण्याने उठून बसते की नाही ती."

मी हसलो. सगळ्यांनी पाहिलं, मी हसलो.

रुफिना, ती आठ तारखेला गेली. मरियामातेच्या सणाच्या सकाळी, इथल्याच दवाखान्यात. बाहेर मिरवणुकीचा बँड वाजत होता.

मी डोळे पुसतोय तोवर रोझेंडाने व्हरांड्यात मला भिंतीशी घेतलं. "इताय, नीट ऐका. हे वर्ष संपेपर्यंत इनाय जिवंत आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे किंतिनाबाई. ज्या वर्षी घरात मयत, त्या वर्षी त्या घरची मुलगी त्या सून करून घेणार नाहीत. त्यांच्या धाकट्या बहिणीने बाप गेला त्याच वर्षी लग्न केलं आणि नवरा बुडाला. त्या कोणाच्या बापाचं ऐकायच्या नाहीत. आणि अर्नुल्फो जानेवारीत निघतोय."

"पुढच्या वर्षी करू की. तो परत आल्यावर."

"पुढच्या वर्षी तुमचं नातवंड चालायला लागेल."

मिरासोलला दिवस गेलेले किंतिनाला माहीत नाहीत. शिंप्याला माहीत आहेत.

मी विचारलं, मिरासोलला आईचं सांगितलंस का? रोझेंडा म्हणाली, "तिला कशाला सांगू? कार्य होऊ दे." एवढाच माझ्या जिवाला आधार होता. निदान पोर निर्मळ मनाने बोहल्यावर चढते आहे. पुतोंग झाल्यावर ती खुर्चीचा मुकुट काढून माझ्याकडे घेऊन आली. पांढऱ्या झग्यात, हुबेहूब तिची आई. मला वाटलं म्हणेल, हा इनायला नेऊन द्या. तिने मला मिठी मारली आणि कानाशी बोलली, "चेहरा सांभाळा, इताय. सासूबाई तुमच्याकडेच बघताहेत. आणि लुसेनाच्या लोकांना सांगा, चार तारखेला बोटीत चढवताना इनायचे केस नीट बसवा. गावाने कालच गेल्यासारखी बघायला हवी."

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चार जानेवारी ही तारीखही तिनेच काढलेली. तीनला नवरा बोटीवर, चारला आई वर.

आत्ता मी त्यांच्याच मागच्या खोलीत बसलो आहे. शवपेट्यांचं दुकान, मागे शीतपेट्यांशिवायचा अंधारा हॉल, पंखा एकच. प्रेतांत औषध भरणारा मुलगा चांगला आहे. म्हणाला, "काळजी करू नका, आजोबा. आजीला दुप्पट मात्रा दिलीय, जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत ताजी राहील." बाहेर पोरं फटाके उडवताहेत. तिच्या उजव्या हाताला कोणी सुतार आहे, डावीकडे एक नन. आपल्याकडे प्रेताला क्षणभर एकटं सोडत नाहीत. रात्रभर पत्ते चालतात, कॉफी उकळते, आरारूटची बिस्किटं फिरतात, कोणीतरी चावट विनोद सांगतं. तिच्या वाट्याला सुतार आणि नन आली, आणि दोघंही गप्प. मी तिला समुद्रावरची कविता म्हणून दाखवली. पूर्ण. पहिल्यांदाच शेवटच्या कडव्यापर्यंत पोचलो.

रोझेंडाचा फोन तुला आधी येईल की हे पत्र, टपालवाले जाणोत. ती रडत सांगेल, इनाय आज सकाळी गेली. तू येशील. मांडवात अख्खं गाव असेल, किंतिना काळं नेसून पुढच्या बाकावर असेल. मी पेटीजवळ बसलेला असेन आणि माझ्या तोंडून चार तारीख निघेल, कारण ती माझ्याकडून घोकून घेतली आहे. थडग्याच्या दगडावरही चारच कोरली आहे. दगड तयार आहे, मी पाहिला.

तू सर्वांसमोर मला एकदा विचार, "कुया, माझी बहीण गेली कधी?" तू विचारलंस तर मी आठ म्हणेन. मग मिरासोलचं त्या घरात जे व्हायचं ते होवो. पोटातलं मूल माझंच नातवंड आहे हे विसरून मी हे लिहितोय असं समजू नकोस. नाही विचारलंस, तर बहिणीच्या मरणाचा खरा दिवस जन्मभर तुला एकटीने पाळावा लागेल. माझे किती दिवस उरलेत?

काय करायचं ते तुझ्यावर सोडतो. तू लहानपणापासून पहाऱ्याची पक्की.

चार जानेवारीपर्यंत तुझ्या बहिणीचा नवरा,
फोर्तुनातो