स्वच्छ धुतलेल्या गुठळ्या

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा जेवढं वाकलो तेवढं गोड मानून घे). तुझा गुडघा काय म्हणतो? भावजींचा खोकला गेला, की आता घरचाच झाला?

इकडे प्रयोगशाळेत माझ्यामुळे मोठा घोटाळा झाला. आमच्या मॅडम (वयाने मुलीसारख्या, पण रागावल्या की थेट तुझ्यासारख्या) रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारं औषध तपासतात. नळीत गुठळी, वर औषध आणि घड्याळाकडे डोळे. तीन आठवडे एकही गुठळी दाद देईना. शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर काम बंद, असं साहेबांनी बजावलं. मॅडमनी त्या दिवशी डबासुद्धा उघडला नाही. शेवटी म्हणाल्या, "काका, तुम्ही या गुठळ्यांचं नक्की करता काय?" मी ऐटीत सांगितलं, "मिठाच्या पाण्याने पाच-पाच वेळा धुतो!" (आईने लावलेलं वळण, दुसरं काय!) मॅडमनी कपाळाला हात लावला आणि मग हसतच सुटल्या. अगं, रक्तातल्या पेशी खाली बसल्या की वर पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा. हे औषध स्वतः गुठळी तोडत नाही. प्लाझ्मात झोपलेल्या एका द्रव्याला उठवतं, आणि तोडायचं काम ते करतं. मी ते द्रव्यच रोज धुऊन टाकत होतो!

मग गुठळ्या प्लाझ्मात ठेवून औषध घातलं. चहा होईपर्यंत कडा विरल्या, दुपारपर्यंत नळी मोकळी. मी हुशारीने, धुतलेल्या गुठळ्या एरवी सहज तोडणाऱ्या दुसऱ्या एका औषधालाही प्लाझ्मा पाजला, तर ते गारच पडलं. ते म्हणे स्वतः तोडणारं, आणि त्याचे हात बांधणारं द्रव्यही प्लाझ्मातच असतं. एकाला साथ, दुसऱ्याला आडकाठी! साहेबांनी दोन्ही नळ्या उजेडात धरल्या आणि मुदत वर्षभराने वाढवली. मॅडमनी वहीत लिहिलं, 'काकांच्या धुण्यामुळे लक्षात आलं.' पस्तीस वर्षांत वहीत माझं नाव पहिल्यांदा आलं, ताई. (नाव नाही, 'काका' आलं. पण आलं.)

तुझा,
धाकटा

ता. क. : वेगवेगळ्या माणसांचा प्लाझ्मा तपासायचाय. साठी ओलांडलेलं कुणीतरी हवं होतं, मी तुझं नाव दिलंय. सुई बारीक असते.

ता. क. दुसरा : खरं लिहायचं होतं ते वेगळंच. पुढच्या महिन्यात निवृत्त होऊन मी तुझ्याकडे राहायला येणार, म्हणून तू मागच्या खोलीला रंग दिलास. पण मॅडमनी आणखी वर्षभर थांबाल का विचारलं, आणि तुला न विचारताच मी हो म्हणून बसलोय. रागाव हवं तेवढं, पण ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नकोस.