दारावरची काळी बाहुली

आई,

तू जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला लिहायला मी आज बसलेय. काल तुझ्या नातवाचं लग्न माझ्या हातून मोडता मोडता राहिलं. आता सगळी मंडळी कार्डिफला गेली, हे सोफ्यावर तोंड उघडं टाकून झोपलेत, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग आहे. तो घासायला हवा, पण मला इतकं हलकं हलकं वाटतंय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आणि हे ऐकायचा पहिला मान तुझाच आहे.

त्याने पसंत केलेली मुलगी कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत शिकवते, तुझा नातू तिथल्याच एका हॉस्पिटलात डॉक्टर आहे. मुलगी अमेरिकेची, काळी, चांगली उंच, आणि हसली की घरभर ऐकू येतं. तू असतीस तर पहिले दोन तास तिच्याशी एक शब्द बोलली नसतीस आणि तिसऱ्या तासाला तिच्या ताटात आग्रहाने वरणफळं वाढली असतीस. काल तिचे आईवडील आमचं लंडनमधलं स्टॅनमोरचं घर बघायला पहिल्यांदाच येणार होते. चिरंजीवांनी आठवडाभर फोनवर भंडावून सोडलं होतं. आई, दारावरचं स्वस्तिक प्लीज काढ, इकडे त्याचा भलताच अर्थ लावतात. आई, तिच्या बाबांची हॅट पलंगावर ठेवू नकोस, टेक्सासच्या लोकांत ते अशुभ मानतात. हे ऐकून मला हसूच आलं, कारण आपल्याकडे उलटी चप्पल दिसली की तू भांडण होणार म्हणून धावत जाऊन ती सरळ करायचीस. मी स्वस्तिकाचा स्टिकर गरम पाण्याने खरवडून काढला, रांगोळीत कमळ काढलं, हॅटसाठी हॉलमधला एक कप्पा रिकामा केला. अमेरिकेचा सगळा अभ्यास झाला अशा थाटात मी दहा वाजल्यापासून साडी नेसून तयार होते.

आता बाहुलीचं सांगते. तुला नागपूरचं आपलं स्वयंपाकघर आठवतं ना? दर अमावास्येच्या आदल्या दिवशी तू ओट्याशी पाट टाकून बसायचीस. काळ्या कापडाची चिंधी, आत कापूस, मानेला लाल दोरा, आणि झाली बाहुली. मग बाबांना स्टुलावर चढवून ती दाराच्या चौकटीला टांगायची. मी कॉलेजात होते, मैत्रिणी घरी येणार होत्या. मला त्या ध्यानाची इतकी लाज वाटायची की मी बाहुली काढून कॅलेंडरमागे लपवली. मैत्रिणी गेल्या आणि तू कमरेवर हात ठेवून समोर उभी. अजून डोळ्यांसमोर दिसतेस. "काहून काढली तू ती? उद्या घराला कुणाची दृष्ट लागली, तर तू निस्तरणार का?" त्याच आठवड्यात बाबांना कावीळ झाली. तू मला पुन्हा एका शब्दाने बोलली नाहीस, पण मी आठ दिवस तुझ्या नजरेला नजर दिली नाही. पुढे मी सायन्स शिकले, फार्मसीत नोकरी केली, आणि या बाहुलीवरून तुझी किती टिंगल केली याची मला आता मोजदाद नाही.

आणि तरी स्टॅनमोरच्या या घराच्या दारावर तशीच एक काळी बाहुली आठ वर्षं लटकत होती. आम्ही सगळे गाडी लावून साइड डोअरने आत येतो, पुढचं दार पोस्टमनशिवाय कुणी वापरत नाही. मुलगीही नेहमी त्याच बाजूच्या दाराने आलेली. म्हणून मी स्टिकर खरवडला, तेव्हा माझी नजर वर गेलीच नाही. रोजची वस्तू असली की ती दिसेनाशी होते बघ.

साडेबाराला बेल वाजते. मी आरतीचं ताट घेऊन दार उघडते. विहीणबाई जांभळ्या कोटात, पुढे आलेल्या. मागे व्याही, त्यांनी हॅट काढून छातीशी धरलेली, त्यांच्या मागे आपली जोडी. विहीणबाई हसत एक पाय उंबऱ्यात टाकतात आणि वर बघतात. हसू जागच्या जागी मावळतं. पाय मागे जातो. व्याहीही वर बघतात, त्यांचा हॅट धरलेला हात खाली येतो. मला काही कळेना. मी वर पाहिलं आणि मग ती मला त्यांच्या डोळ्यांनी दिसली. काळ्या कापडाचं माणूस, गळ्याला दोरी, आमच्या दारात टांगलेलं. ज्या घरात त्यांची लेक सून म्हणून यायची, त्या घराच्या दारात. तुझा नातू पांढराफटक पडला. मुलीने आईचा दंड धरला. विहीणबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय आहे, ते मला आधी सांगा."

मी ताट कुठे ठेवलं मला आठवत नाही. माझ्या तोंडून निघालं, "माझ्या आईने केलीय. नजर लागू नये म्हणून टांगतात आमच्याकडे." मग मी हिसकाच दिला, दोरा खिळ्यावरून तुटला आणि बाहुली माझ्या मुठीत आली. ह्यांनी मागून काहीतरी कल्चर-बिल्चरवर इंग्रजीत सुरू केलं, त्यांना मी डोळ्यांनीच गप्प केलं. विहीणबाई अजून बाहेरच उभ्या होत्या. मी बाजूला झाले. त्या पाच-सहा सेकंदांत मला वाटलं, संपलं, ही बाई आता टॅक्सी बोलावणार. आणि खरं सांगते, तिने ती बोलावली असती तर मी तिला दोष दिला नसता.

पण त्या आत आल्या. हॉलमध्ये न बसता सरळ किचनमध्ये आल्या आणि टेबलाशी बसल्या. मी चहा टाकला. आल्याचा वास सुटला. मग त्यांनीच सुरुवात केली. त्यांचं गाव तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत, समुद्राच्या काठाला. तिथे घराच्या ओसरीचं छत आकाशी निळ्या रंगाने रंगवतात, म्हणजे भूतबाधा आत शिरत नाही. त्यांची आजी दरवर्षी स्वतः रंग कालवायची आणि नातवंडांपैकी कुणी हसलं की डबा हातात देऊन त्यालाच शिडीवर चढवायची. व्याही म्हणाले की त्यांच्या टेक्सासच्या गावात निळं छत कुणाला ठाऊकच नाही, तिथे दाराला घोड्याची नाल ठोकतात. बायकोच्या घरी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांना वाटलं होतं, रंग उरला असेल म्हणून छताला फासलाय. नालेचंही एक नाही. त्यांच्या घरी तोंड वर करून ठोकतात, नशीब सांडू नये म्हणून, आणि दोन गावं सोडून उलटी ठोकतात, येणाऱ्याच्या अंगावर पडावं म्हणून. यावरून त्यांच्या घरात लग्नानंतर महिनाभर वाद चालला होता म्हणे. आमच्याकडे नाल उंबऱ्याला ठोकतात, असं ह्यांनी सांगितल्यावर व्याह्यांनी खुर्चीच पुढे ओढली. मी आपली अमेरिका एकच धरून अभ्यास केला होता.

चहा अर्धा झाल्यावर विहीणबाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, तुम्हाला कुणाला दुखवायचं नव्हतं हे मला दिसतंय, पण मी बोलले नाही तर ते पोटात राहील. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांच्या लहानपणी गोरे लोक काळ्या माणसांना झाडाला फास देऊन टांगत असत, आणि पुढेही कुणाला धमकी द्यायची तर त्याच्या दारात दोरी लटकवून जात. "माझी आजीसुद्धा घराच्या काळजीनेच हे सगळं करायची," त्या म्हणाल्या. "पण त्या बाहुलीखालून मला या घरात येता येणार नाही. माझ्या मुलीलाही नाही." मी म्हटलं, ती पुन्हा तिथे जाणार नाही. त्यांना ते पुरलंसं वाटलं.

बाहुली अजून माझ्या मुठीतच होती, घामाने ओली झालेली. त्यांनी हात पुढे केला, कात्री मागितली. मी दिली. त्यांनी बाहुली टेबलावर आडवी ठेवली आणि मानेचा लाल दोरा सावकाश कापला, आतल्या कापसाला धक्का न लावता. मग तिला खिडकीत कोथिंबिरीच्या कुंडीला टेकवून बसवलं. कात्री मला परत देताना त्यांनी विचारलं की लग्नात मुलाच्या आईने कोणत्या रंगाची साडी नेसायची असते, कारण त्यांना त्याच रंगाचा ड्रेस नकोय. आई, मी तिथेच रडले. ढसाढसा, पदर तोंडाला लावून. तुझ्या नातवाने माझ्या पाठीवर हात ठेवला, तोही रडत होता गाढव.

मग जेवणं झाली. व्याह्यांनी भरली वांगी तीनदा घेतली. लग्न कार्डिफला ठरलं, आधी रजिस्टर, मग आपल्या पद्धतीने.

निघताना दारात विहीणबाईंनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, तुमच्या आईचा तुमच्यावर फार जीव असणार, इतक्या लांबच्या घराचीही काळजी केली. मी मान हलवली. हे घर घेतलं तेव्हा तुला जाऊन सहा वर्षं झाली होती. ती बाहुली मी केली होती, आई. माझ्या काळ्या मोज्याची, कुणी सांगितलं नसताना, हे ऑफिसला गेल्यावर गुपचूप. आणि काल दारात प्रसंग आला तेव्हा तुझं नाव पुढे करून मी मोकळी झाले.