त्या संध्याकाळचा फोन

दि. ९ ऑक्टोबर, दुपार

ती. ताईस,

नमस्कार. मी खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं म्हणजे मला काहीच वाटत नाहीये. सकाळचा चहा ओट्यावरच राहिला. पुन्हा गरम केला, तरी राहिला. शेजारच्या काकूंना वाटलं, मला ताप आहे. त्यांनी गोळी आणून दिली आणि मी ती मुकाट्याने घेतलीसुद्धा.

सध्या रजेवर आहे. मागितली नव्हती, दिली गेली. तू नेहमी म्हणायचीस, "तुला कोण सुट्टी देतंय? तुझ्याशिवाय चोरांचं पान हलत नाही." हलतंय बघ.

भावोजींच्या गोदामातल्या मुलीची केस माझ्याकडे नाही, हे तुला ठाऊक आहे. गोदाम कुणाचं हे कळल्यावर पहिल्याच दिवशी ती दुसऱ्या पोलीस ठाण्यातल्या इन्स्पेक्टर बाईंकडे गेली. पण गाद्यांच्या थप्पीमागून तिचं प्रेत बाहेर काढलं तेव्हा मी तिथे होते. गळ्यावर वळ होते. गोदामाला बाहेरून कुलूप होतं. तुझ्या छकुलीच्या वाढदिवसाला गाल फुगवून फुगे फुगवणारी तीच ही, गोदामात फोन घ्यायला बसायची ती. तिच्या आईने मला विचारलं, "मालक तिला संध्याकाळी एकटीलाच थांबवून घ्यायचे. तुम्हाला माहीत नव्हतं?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हतं माहीत.

तुझ्या घरचे पडदे धुवायला झालेत. जाऊ दे. पडद्यांबद्दल लिहायला बसले नाहीये मी.

काल त्या बाई माझ्याकडे आल्या आणि तुझा जबाब समोर ठेवला. ती मुलगी मारली गेली त्या संध्याकाळी भावोजी घरीच होते, दोघांनी मिळून त्या हिंदी मालिकेचा शेवटचा भाग पाहिला, खुनी कोण ते त्यांनी आधीच ओळखलं, असं तू सांगितलंयस. खाली तुझी सही.

मग त्यांनी तुझ्या फोनची नोंद दाखवली. ती मालिका चालू असताना तू मला फोन केला होतास.

काय बोललीस ते आठवतंय ना? "अगं, तुमच्यातल्या बायका चोरामागे पळतानासुद्धा लिपस्टिक लावतात का?" मी म्हटलं, आमच्यातल्या बायका झेरॉक्स मशीनशी भांडतात. तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, "आज रिमोट माझ्या हातात आहे बाई. स्वारीचा अजून पत्ता नाही, फोनही उचलत नाहीत. निवांत बघतेय."

बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "बहिणी-बहिणी काय, इकडचं तिकडचं बोलतात. आठवत नसेल तर तसं लिहिते." वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. मी म्हटलं, आठवतंय. सगळं सांगितलं आणि सही केली. सही नेहमीसारखीच आली. त्याचीच आता भीती वाटते.

हे पत्र त्या बाईंना वाचून दाखवूनच, आजच्या आज माणसाहाती पाठवतेय. उद्या सकाळी त्या तुला परत बोलावतील. मी तिथे नसेन. जे मला फोनवर म्हणालीस, तेवढंच त्यांना सांग. दिलेला जबाब अजून बदलता येईल. कोर्टात शपथेवर तेच खोटं बोललीस, तर भावोजींबरोबर तूही आत जाशील आणि मी काही करू शकणार नाही. तू घाबरून बोललीस, की त्यांनी पढवलं, की संसार वाचवायला गेलीस, ते मला सांगू नकोस. ऐकायला लागले की माझ्यातली पोलीस जागी होते.

छकुलीला सकाळी माझ्याकडे सोड. दप्तर दे, आणि झोपताना लागते ती मऊ उशी विसरू नकोस. खरं बोललीस तर संध्याकाळी तू तिला न्यायला येशील, आणि बहुतेक माझ्याशी बोलणार नाहीस. ते मी सोसेन. नाही बोललीस, तर ती इथेच मोठी होईल, आणि एक दिवस मला विचारेल, आईला कुणी पकडून दिलं? तिच्याशीही मला खोटं बोलता येणार नाही, ताई.

खाली 'तुझी' लिहायला गेले आणि थांबले. ते लिहू की नको, हे आता तू ठरव.

छकुलीची मावशी