तक्त्यावरचा हिरवा बिल्ला

प्रिय ताई,

पाकीट पाहून म्हणशील, बाईसाहेबांना फोन परवडेनासा झाला की काय! परवडतो गं. पण फोनवर मी रडायला लागते, मग तू मलाच समजावत बसतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून दुपारचा सराव संपल्यावर उपचाराच्या खोलीचं दार आतून लावून लिहायला बसलेय. तूही मधेच उठू नकोस.

आमच्या हॉकी संघाला नवा मुख्य प्रशिक्षक मिळालाय, हे तुझ्या ठकीने तुला सांगितलंच असेल. जुने सर ओळीने सात सामने हरले आणि मालकांनी त्यांच्या हातावर नारळ ठेवला. नवे सर सोमवारी आले. आवाज एवढा मऊ की ऐकायला पुढे झुकावं लागतं. पहिल्याच दिवशी सगळ्या मुलींची नावं तोंडपाठ, कुणाच्या आईचं ऑपरेशन झालंय तेही ठाऊक. पोरी विरघळल्या. तुझी लेक तर सगळ्यात आधी! परवा मला म्हणते, मावशी, असे सर तुला मिळाले असते ना, तर तू पट्ट्या बांधत बसली नसतीस, स्वतः खेळली असतीस. मी हसले आणि हातातली पट्टी गुंडाळत राहिले. ताई, मी त्यांना आधीपासून ओळखते. नऊ वर्षांपूर्वी माझी फिजिओची पहिली नोकरी त्यांच्याच हाताखाली होती. पगार कमी म्हणून सोडली, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं होतं.

माझ्या खोलीतला तक्ता तू पाहिलायस. प्रत्येकीच्या नावाखाली एक खिळा, त्यावर रोज सकाळी मी बिल्ला लावते. हिरवा म्हणजे खेळायचं, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे मैदानात पाऊलसुद्धा टाकायचं नाही. त्या जुन्या संघातही असाच तक्ता होता, आणि तिथे एक मुलगी होती, आम्ही तिला बडबडी म्हणायचो. झोपेतही बोलायची कार्टी. एकदा सरावात तिच्या डोक्याला चेंडू लागला. मी लाल बिल्ला लावला. सर खोलीत आले, ओरडले वगैरे काही नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले, तिच्या आईशी बोललोय मी, आई हो म्हणाली, आता आपण कोण अडवणारे? मी नवी होते, घाबरट होते. उठून माझ्या या हाताने मी लाल काढला आणि हिरवा लावला. त्याच सामन्यात तिच्या डोक्याला दुसऱ्यांदा लागलं, आणि या वेळी ती उठली नाही.

ती जिवंत आहे. वर्षातून एकदा मी तिच्याकडे जाते. आई तिला चमच्याने भरवते. मला पाहून ती हसते. ओळखून हसते की नुसतंच, ते तिच्या आईलाही सांगता येत नाही. चौकशी झाली तेव्हा सगळ्यांनी तक्त्याकडे बोट दाखवलं. बिल्ला हिरवा होता ना! आधी तो लाल होता, हे मी सांगितलंच नाही. सर सुटले, मीही सुटले.

आणि आता ऐक, माझी लाज. गेल्या महिन्यात नव्या प्रशिक्षकाच्या निवडीच्या मीटिंगमध्ये मला बोलावलं होतं. तुम्ही यांच्याबरोबर काम केलंय, कसे आहेत? एवढंच विचारलं. टेबलाशी पाच माणसं होती, समोर चहा होता. खरं सांगितलं तर पहिला प्रश्न येणार, बिल्ला कुणी बदलला? मी म्हणाले, शिस्तीचे आहेत, जिंकून देतात. ताई, त्या माणसाला इथे मी आणलं.

मंगळवारी सरावात एक फटका ठकीच्या हेल्मेटवर बसला. गोलकीपरला लागायचंच, तूच म्हणतेस. पण संध्याकाळी तिने मला तीनदा विचारलं, आपण जेवलो का? खिडकीतल्या उजेडाकडे बघवेना तिला. मी लाल बिल्ला लावला, दोन आठवडे विश्रांती असं लिहून दिलं. बुधवारी सकाळी आले तर भिंतीवर तक्ताच नाही. नुसते चार स्क्रू राहिलेले. तो सरांच्या केबिनबाहेर लागला होता, सगळ्यांच्या सोयीसाठी म्हणे. आणि आज सकाळी ठकीच्या नावाखाली हिरवा. मी काढला, लाल लावला. तासाभराने पुन्हा हिरवा. सरांनी हातही लावला नव्हता, तुझ्या लेकीनेच बदलला. मॅनेजरकडे गेले तर तो म्हणाला, मॅडम, शब्द सरांचा चालतो, आणि त्यांचं कौतुक तुम्हीच केलं होतंत. मग मी ठकीला धरलं, हातापाया पडले. ती शांतपणे म्हणाली, मावशी, उगाच घाबरतेस. सरांनी कालच आईला फोन केला होता. आई हो म्हणाली.

म्हणून हे लिहितेय, ताई. त्यांनी तुझी चौकशी केली असेल, गुडघ्याचं विचारलं असेल, लेक हिरा आहे म्हणाले असतील, आणि तू आनंदाने हो म्हणाली असशील. कुठलीही आई म्हणेल. तुझा दोष नाही. पण बडबडीच्या आईनेही असंच हो म्हटलं होतं, आणि तिला खरं काय ते सांगायला कुणी नव्हतं. होते खरं तर, मी होते. संघाच्या बसचा ड्रायव्हर आज तुमच्याच बाजूला निघालाय, पत्र त्याच्या हाती देतेय. शनिवारी चार वाजता सामना आहे. ठकी माझं ऐकत नाही, तुझ्या शब्दाबाहेर ती कधी गेलेली नाही. तू ये. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस, हवं तर सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मार, पण चारच्या आत ये आणि तो बिल्ला तुझ्या हाताने काढ.

तुझीच,
धाकटी