ढावलोचा शेवट

याडी,

परवा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पडलेली रविवारची पुरवणी चाळत होते, आणि अर्ध्या पानावर बेबीचा फोटो दिसला. प्रेसच्या बंगल्यातली बेबी. कापसाच्या प्रेसच्या गोऱ्या मॅनेजरची एकुलती मुलगी, जिची तू, माझी आई, ती जन्मल्यापासून अकरा वर्षं आया होतीस. आता तीही माझ्यासारखीच चाळिशी उलटलेली दिसते. मजकूर कुठल्यातरी इंग्रजी मासिकावरून उतरवलेला आहे. आधी लंडनमध्ये टायपिस्ट, मग तळघरातल्या एका क्लबात शनिवारी गाणं, मग रेकॉर्डी, टेलिव्हिजन, गावोगावचे कार्यक्रम, आणि आता सगळं सोडून समुद्रकाठच्या एका लहान गावात राहणं. तिच्या गाण्याच्या जातीला तिकडे सोल म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या प्रार्थनेतून ते निघालं, असं लेखात आहे, आणि एका गोऱ्या मुलीच्या गळ्यात ते आलं कुठून, याचं तिकडच्या लोकांना फार नवल वाटत असे. त्यावर ती म्हणते, ‘रडायला मला माझ्या आयाने शिकवलं.’

उत्तरपत्रिका तपासावी तसा मी तो लेख तपासला. मला तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लेखात बंगल्याभोवती ताडाची झाडं आहेत; यवतमाळच्या त्या बंगल्याभोवती कडुनिंब होते. लेखातली आया म्हातारी आणि विधवा आहे. तू तेव्हा तिशीची होतीस आणि बापू त्याच प्रेसमध्ये बॉयलरवर होते. लेखात एक हत्तीही आहे. एवढ्या चुका सापडल्यावर मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवते. पण शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य आहे, ते खरं आहे. ते तिच्याशिवाय कोणाला माहीत असणं शक्य नाही, कारण ते माझ्याबद्दल आहे. त्याच्याकडे नंतर येते.

आपला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी साहेब कायमचा विलायतेला निघाला. मी चौदा वर्षांची, मुलींच्या वसतिगृहातून एका दिवसाची रजा काढून स्टेशनवर आलेली. छोटी गाडी उभी आहे. तू मडमेने दिलेलं पांढरं लुगडं नेसली आहेस. बंगल्यात तुला आपल्या तांड्याची फेटिया-काचळी घालायची मनाई होती. बेबीला दम्याचा त्रास, म्हणून तिला कधी पाचगणीच्या शाळेत धाडलं नाही, आणि म्हणूनच ती एवढी वर्षं तुझ्या मांडीवर राहिली. ती डब्याच्या पायरीवरून खाली उतरते, तुझ्या गळ्यात दोन्ही हात टाकते, डोकं तुझ्या खांद्यावर ठेवते आणि ढावलो म्हणायला लागते. आपल्या गोरबोलीत. सासरी जाताना आपल्या पोरी एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं म्हणतात, तेच, त्याच चढाने आणि त्याच तुटलेल्या श्वासाने. हमाल हसायला लागले. एकजण म्हणाला, ‘आबे पाह्य, साहेबाची पोट्टी लमाणी रडून राह्यली!’ मडम ‘बस, आया, बस’ म्हणत तिला ओढत होती. बापू खाली जमिनीकडे पाहत होते. मी तुझ्या तोंडाकडे पाहत होते.

आपल्या तांड्यात ढावलोचं शेवटचं कडवं पोरगी म्हणत नाही. तिचं म्हणून झालं की याडी तिचं तोंड हातात धरते आणि तिचं नाव घेऊन उत्तर देते; ते प्रत्येक याडीचं आपलं वेगळं असतं. तू बेबीचं तोंड हातात धरलंस. तुझे ओठ हलले. तेवढ्यात इंजिनाची शिट्टी झाली, आणि तू काय म्हणालीस, काही म्हणालीस का, ते मला ऐकू आलं नाही. परत येताना मी विचारलं, ‘तू शिकवलंस तिला?’ तू म्हणालीस, ‘मी कायले शिकवू? कान होते तिले, उचललं तिनं.’ मी म्हटलं, ‘मग मला काहून नाही आलं?’ तू हसलीस. ‘तुये कान पुस्तकात राह्यतेत, छोरी.’ मला ते हसणं आवडलं नाही. तू बंगल्यात काम करायचीस म्हणून मी वसतिगृहात होते, आणि मी वसतिगृहात होते म्हणून तुझ्या मांडीवर जागा होती, असा हिशोब मी त्या दिवशी मनात बसवला. तो हिशोब चूक होता असं आजही ठामपणे म्हणता येत नाही.

मग तिची पत्रं यायला लागली, वर्षातून एक-दोन. बापू गेल्यावर तू घाटंजीच्या बाजूला आपल्या तांड्यावर परत आली होतीस. पत्र आलं की तू ते उकलायचीसुद्धा नाहीस. मी सुट्टीत येईपर्यंत पेटीत ठेवायचीस. मी अमरावतीला कॉलेजात होते, इंग्रजी वाचून सांगणारी तांड्यात मी एकटी. एका पत्रात तिने आपला फोटो धाडला होता. केस डोक्यावर टोपलीएवढे उंच बांधलेले, आणि डोळ्यांभोवती काळ्या रेघा. तू तो उजेडात धरून बराच वेळ पाहिलास आणि म्हणालीस, ‘डोये आले का वं हिचे?’ मी खूप हसले. तेवढा एकच प्रसंग आठवतो, तिच्यावरून आपण दोघी मिळून हसलो तो. पहिली रेकॉर्ड कोणी घेतली नाही, असं तिने लिहिलं तेव्हा तुझं तोंड उतरलं. दुसरी खूप चालली, असं आलं तेव्हा तू शेजारणीला हाक मारून सांगितलंस, ‘माह्या बेबीचं नाव झालं तिकडं!’ मी बी.ए. झाले तेव्हाही तू शेजारणीला सांगितलंस. आवाज सारखाच होता का, हे मला आठवत नाही, आणि डायरीतही मी ते लिहिलेलं नाही.

माझ्या लग्नाबद्दल मी पुष्कळांना पुष्कळ वर्षं सांगत आले की माझ्या आईने मला ढावलो शिकवला नाही. हे खोटं आहे. लग्नाआधी आठ दिवस तांड्यातल्या म्हाताऱ्या रोज संध्याकाळी अंगणात येऊन बसत होत्या, आणि तूही. मीच म्हणाले की शिकवून आलेलं रडणं खोटं असतं, मला रडू आलं तर मी आपली रडेन. ‘कॉलेजात का हसालेच शिकवतेत?’ म्हणून एक म्हातारी फणकारली होती. पाठवणीच्या वेळी मी एकेकाला वाकून नमस्कार केला. माझे कोरडे डोळे पाहून बायका कुजबुजत होत्या, ‘शाळेनं डोये कोल्ले केले पोरीचे.’ मग तुझ्यासमोर आले. तू माझं तोंड दोन्ही हातांत धरलंस आणि थांबलीस. आधी पोरीने म्हणायचं, मगच याडीने; तुला पुढे जाता येत नव्हतं. मला पहिली ओळ येत होती, याडी. स्टेशनवर बेबीच्या तोंडून एकदाच ऐकलेली, पण येत होती. मला वाटलं, ही बेबीची ओळ आहे, आणि तुझ्याकडून जे उत्तर येईल त्यातही तिचंच नाव जिभेवर येईल. मी पाया पडले. तुझे हात तसेच हवेत राहिले.

त्यानंतर तीन वर्षांनी तिचं ते पत्र आलं. मी सासरहून, उमरखेडहून, दिवाळीला आले होते. तू दारात कापूस निवडत बसली होतीस आणि मी उंबऱ्यावर बसून वाचत होते. तिने लिहिलं होतं की ती एका नव्या गाण्यात आपल्या आयाचं रडगाणं घालते आहे. तिचा स्वतःचा भाग तिला सगळा आठवतो, पण आया उत्तरादाखल म्हणायची तो शेवट आठवत नाही. ‘त्यात एक नाव यायचं. ते माझं होतं असं मला लहानपणी वाटे. आता खात्री वाटत नाही. तुमच्या मुलीला सांगून ते लिहून पाठवाल का?’ मी ते मनात दोनदा वाचलं. तू विचारलंस, ‘काय म्हणून राह्यली?’ मी म्हटलं, ‘बरी आहे. थंडी पडली आहे. नवीन गाणं करते आहे.’ तू म्हणालीस, ‘दम्याचं काई लिवलं?’ मी म्हटलं, ‘नाही.’ खरं तर दम्याचंही लिहिलं होतं. उमरखेडला परत गेल्यावर मी तिला तुझ्या वतीने उत्तर लिहिलं: आईला आता ते आठवत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रेकॉर्ड आली. घाटंजीच्या डॉक्टरांकडे ग्रामोफोन होता. तू नवी ओढणी घेऊन आलीस. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला चटईवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाल्या, ‘आता ऐका, तुमची मडम काय म्हणते ते.’ आधी ढोल आणि पिपाण्या, मग तिचा आवाज, जाड झालेला, इंग्रजीत काहीतरी प्रेमाबिमाचं. आणि मधेच, काही न सांगता, ते सुरू झालं. शब्द इंग्रजीच होते, पण चाल स्टेशनवरचीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अगं बाई, ही खरंच रडते का काय!’ तू मान हलवलीस. ‘रडून नाही राह्यली, बाई. बराबर म्हणून राह्यली.’ मग शेवट आला, आणि तिथे शब्दच नव्हते. ती नुसती आ लावत राहिली, तो आवाज चढत गेला, फाटला आणि बंद झाला. त्या आवाजासाठीच ते गाणं तिकडे गाजलं, असं लेखात आहे. डॉक्टरीणबाईंनी सुई उचलली, आणि मग तू म्हणालीस, ‘शेवट काहून सोडला तिनं? मले इचारलं असतं तं सांगतला असता.’ डॉक्टरीणबाई माझ्याकडे पाहायला लागल्या, आणि तूही. मी म्हटलं, ‘रेकॉर्डवर जागा कमी असते.’

तुला कळलं होतं का? हा संशय मी इतकी वर्षं बाळगून आहे. तू दुसरं काही विचारलं नाहीस, पण त्यानंतर आलेली पत्रं तू माझ्यासाठी ठेवली नाहीस. एक तू घाटंजीच्या मास्तरांकडून वाचून घेतलंस, असं मला नंतर समजलं. ते माझी वाट पाहवेना म्हणून की माझ्यावर विश्वास नव्हता म्हणून, हे मी मास्तरांना विचारू शकले असते. विचारलं नाही.

डॉक्टरांकडून निघाल्यावर आपण एस.टी.साठी चिंचेखाली बसलो. बाजारचा दिवस नव्हता, आजूबाजूला कोणी नव्हतं. तू रेकॉर्ड ओढणीत गुंडाळून मांडीवर धरली होतीस. रस्त्याकडे पाहतच तू म्हणालीस, ‘तुले सांगू का तो शेवट?’ मी म्हटलं, ‘आता कायले, याडी? लग्न झालं माझं.’ तू म्हणालीस, ‘तसं नाई. मायीत असावा म्हणून.’ मी म्हटलं, ‘राहू दे.’ मग एस.टी. आली. दोन वर्षांनी तू गेलीस. त्या दोन वर्षांत मी तांड्यावर पाच वेळा आले होते.

आता ते वाक्य. लेखाच्या शेवटी ती म्हणते, ‘आयाच्या मुलीने मला लिहिलं की तिच्या आईला शेवट आठवत नाही. मला ते कधीच खरं वाटलं नाही.’ एवढंच. राग नाही, पुढे काही नाही. लगेच तिच्या बागेबद्दल सुरू होतं. म्हणजे वीस वर्षं ती तिकडे माझ्यावर संशय घेत होती आणि मी इकडे तुझ्यावर. तिचा बरोबर निघाला. माझ्या संशयाचं काय, ते सांगणारं कोणी उरलेलं नाही.

काल जुन्या वह्या काढून त्या दिवसाची नोंद शोधली. मी डायरीत खोटं लिहीत नाही, असा माझा समज होता. न आवडलेलं लिहायचं टाळलं असेल, पण खोटं नाही. त्या दिवशी लिहिलं आहे: ‘घाटंजीला रेकॉर्ड ऐकली. येताना याडीला शेवट विचारला. तिला आठवत नाही.’ पत्रातल्या थापेशी जुळावं म्हणून मी स्वतःच्या वहीतही तसंच लिहून ठेवलं होतं, आणि अक्षर अगदी नीट आहे.

पुरवणीच्या संपादकांना लिहिलं तर तिचा पत्ता मिळेल. पण लिहू काय? जे तिच्यापासून लपवलं, ते माझ्याकडेही नाही. म्हणून तिला न लिहिता तुला लिहिते आहे, आणि हे कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. एक गोष्ट राहिली. चिंचेखाली मी नको म्हणाले ते लग्न झालं म्हणून नव्हे. त्यात तिचं नाव निघालं असतं तर मला चाललं नसतं. आणि माझं निघालं असतं, तर लग्नाच्या दिवशी मी काय नाकारलं ते तेव्हाच कळलं असतं. आज तू समोर येऊन पुन्हा विचारलंस, तर याही वेळी मी लगेच हो म्हणेन असं वाटत नाही. आधी विचारेन, त्यात नाव कोणाचं आहे.