वाढीव वॉरंटी, अठ्ठावीस तारखेपर्यंत

२ फेब्रुवारी, सोमवार

शोरूममधून फोन. स्नेहा म्हणून कुणी मुलगी. "सर, आपल्या गाडीची वॉरंटी अठ्ठावीसला संपतेय. वाढीव दोन वर्षांची घेतलीत तर टर्बो, गिअरबॉक्स, सगळं त्यात येतं. तारीख उलटली की मग नाही घेता येत." म्हटलं, कळवतो. "कळवतो म्हणणारे कळवत नाहीत, सर." आगाऊ आहे. पण खोटं नाही बोलली.

राजूला सांगितलं. वीस वर्षांचा पार्टनर. अंबडच्या आमच्या डाय-शॉपमध्ये, साचे बनवायच्या कारखान्यात, त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागूनच आहे. मान वर न करता म्हणाला, "यात विचार कसला करतोस? असल्या पळणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसला ना, तर आपण दोघं बसू रडत. घेऊन टाक."

बरोबर आहे. मी मिक्सरचंसुद्धा वॉरंटी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवणारा माणूस. इथंच का अडलोय ते राजूला ठाऊक नाही.

४ फेब्रु., बुध.

नोव्हेंबरपासून एक गोष्ट या वहीतही लिहिलेली नाही. च्यायला, वहीशी कसली लपवाछपवी.

माझे डोळे जातायत. समोरचं स्वच्छ दिसतं. अजून पुढच्या ट्रकची नंबरप्लेट लांबून वाचतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण नजरेच्या कडा मरतायत. डावी जास्त. अंधार पडल्यावर तर विचारूच नका. कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी एका डब्यात तोंड घालून बसवलं होतं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. ठिपके दिसेनात तेव्हा मी अंदाजाने दाबत सुटलो. बाई कागद बघून म्हणाल्या, "सर, ठिपका नव्हता तेव्हाही तुम्ही दाबलंय. मशीनला कळतं ते." अठ्ठेचाळीस वर्षांचा घोडा, कॉपी करताना पकडला गेलो.

"गाडी चालवता?"

"कधीतरी."

"थांबवा. अंधारात तर आजपासूनच."

घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. बायको, सु., बरं म्हणाली आणि शाळेच्या वह्या तपासायला बसली.

आता ही वॉरंटी. घेतली तर दोन वर्षं मी चालवणार असं लिहून दिल्यासारखं. नाही घेतली तर चालवणार नाही असं लिहून दिल्यासारखं. साधा एक फॉर्म, पण सही करायची कशी.

७ फेब्रु.

सु. विहारात गेली होती. घरी एकटाच. अण्णांची फार आठवण आली.

अण्णा बसचे ड्रायव्हर. डोळ्यांचं हे दुखणं त्यांच्याकडूनच आलंय मला. त्यांचं माझ्यापेक्षा पुढे गेलं होतं, समोरचंही धूसर झालेलं. डेपोत दरवर्षी डोळे तपासायचे. तक्ता तोच. सगळे जुने ड्रायव्हर तो पाठ करायचे, अण्णांनीही केला. संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहून म्हणून दाखवायचे, वरून खाली, मग खालून वर. कागद माझ्या हातात. मी तिसरीत. चुकले की मी ओरडायचो आणि आई हसायची. आम्हाला तो खेळ वाटायचा.

तीन वर्षं असे पास झाले. मग चांदवडच्या घाटात बस कठड्याला घासली. आत पन्नास माणसं. कुणाला खरचटलंही नाही. त्याच दिवशी अण्णांनी डेपोत जाऊन आपणहून सांगितलं. उरलेली नोकरी तिकिटांच्या पेट्या मोजत काढली. आई शेवटपर्यंत म्हणायची, "कुणी विचारलं होतं का तुम्हाला?"

ही गाडी घरी आणली तेव्हा अण्णांना काहीच दिसत नव्हतं. बॉनेटवर हात फिरवून म्हणाले, "बसकी आहे रे. आवाज मात्र झकास." आमच्या घराण्यात कुणाकडे सायकलीच्या वर काही नव्हतं. मी त्यांना समृद्धी महामार्गावर नेलं, खिडकी उघडून. तोंडावर वारा घेत नुसते हसत होते. 

९ फेब्रु., सोम.

रस्ते. कुंभमेळ्याच्या कामांनी अख्खं नाशिक उकरून ठेवलंय. काल सरळ जाणारा रस्ता आज पत्रे लावून बंद.

लोक वैतागतात. मी घाबरतो. कारण मी हल्ली रस्ता बघून चालवतच नाही, पाठ करून चालवतो. शॉपमधून निघालं की तिसऱ्या गतिरोधकानंतर डावीकडे चहाची टपरी, तिथं माणसं उभी असतात, उजवीकडे धरायचं. मग सिग्नल. मग शाळेची भिंत. इंदिरानगरपर्यंत सगळं तोंडपाठ. आणि हे रोज पान बदलतायत.

पाचलाच निघतो आता. राजू म्हणतो, "नवीन लग्न झाल्यासारखा पळतोस घरी."

१२ फेब्रु., गुरु.

वाढीव वॉ. च्या आधी गाडी तपासून घ्यावी लागते. शोरूमला नेली. शेखचाचा म्हणून जुने मेकॅनिक. इंजिनाला कान लावला, खूश झाले. "साहब, दिल एकदम जवान है." मग बाहेरून फेरी मारली. डाव्या दारावरचा ओरखडा. डावा आरसा, दोनदा बदललेला. मागच्या डाव्या चाकाची रिम चेपलेली. उजव्या बाजूला येऊन थांबले. बोट फिरवलं, पुसल्यासारखं.

"साहब, इकडे एक पण निशाण नाही."

मी म्हटलं, पार्किंग अरुंद आहे.

"हां, पार्किंग." माझ्या तोंडाकडे नको इतका वेळ बघत राहिले. मग कागदावर ओके लिहिलं. बॉडीचा आणि वॉरंटीचा काही संबंध नसतो म्हणाले.

१५ फेब्रु., रवि.

सकाळी दिंडोरीच्या बाजूला. सु. ला घेऊन. ऊन छान, रस्ता मोकळा, द्राक्षबागा दोन्हीकडे. तिसऱ्या गिअरला जोर दिला की पाठ सीटला चिकटते ना, ते मी कशातच अनुभवलेलं नाही. तेवढा वेळ मी कुणाचा नवरा नाही, पार्टनर नाही, पेशंट नाही.

सु. ची टकळी चालूच. "डावीकडून ट्रॅक्टर निघतोय बरं का. ती बघा बाई थांबलीय कडेला. सायकलवाला आहे." एवढी मजा, आणि हिची कॉमेंट्री. खेकसलो, "तुला चालवायचीय का?"  वणीच्या फाट्यापर्यंत ती नुसती डावीकडच्या खिडकीतून बघत राहिली.

ठरलं, घ्यायची. वॉरंटी असलेली गाडी विकतानाही बरी जाते, म्हणजे उद्या विकली तरी पैसे वाया नाहीत. हे मी मला समजावतोय, कळतंय मला. तरी स्नेहाला मेसेज केला, गुरुवारी येऊन सही करतो.

१८ फेब्रु., बुध.

डायची ट्रायल लांबली. निघायला पावणेसात.

पाथर्डी फाट्याच्या अलीकडे कालपर्यंत पत्रे होते. आज मधला एक पत्रा काढून वाट केलेली. मला ठाऊक नव्हतं. डावीकडून स्कूटर. मी काहीच पाहिलं नाही. आवाज आला. मग काचेवर झेंडू. नुसता झेंडू.

बाईचा उजवा हात. माणूस ठीक आहे. मी ठीक आहे. मी ठीकच

१९ फेब्रु., गुरु.

भाऊसाहेब आणि मंगलताई, नवरा-बायको. विल्होळीकडचे. अर्धा एकर फुलं लावतात, ती घरीच हार ओवते. आज शिवजयंती, म्हणून काल संध्याकाळीच माल घेऊन निघालेले. तिच्या मनगटात धातूची पट्टी घालावी लागणार. डॉक्टर म्हणाले, हात चालेल, पण सुई-दोऱ्याचं बारीक काम पूर्वीसारखं होईल असं सांगता येत नाही.

दवाखान्याचं सगळं मी भरतोय. म्हणून तिथं मी देवमाणूस. तिचा भाऊ म्हणाला, "दुसरा असता तर पळाला असता." पत्र्यांना शिव्या, ठेकेदाराला शिव्या. पोलिसात जायचं नाही असं त्यांनीच ठरवलं. "रस्त्याचीच चूक हाये साहेब, तुमी मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. मान हलवली मी.

शोरूमला गेलो नाही.

२२ फेब्रु., रवि.

आज सु. ने जेवताना ताट बाजूला सारलं. म्हणाली, "दिवाळीपासून गाडीत बसले की तोंड चालवतेय मी. हौस म्हणून?"

मी ताट परत तिच्याकडे सरकवलं.

"डावीकडे वाढलेली चटणी तुम्हाला दिसत नाही. दाराची चौकट खांद्याला लागते. अण्णांची अखेरची बारा वर्षं मी काढलीत या घरात. मला कळणार नाही?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग रडायला लागली. "आणि बुधवारी मी नव्हते गाडीत." 

माझ्या चुकीचा वाटा तिने उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतला. ते मला सहन झालं नाही. ओरडलो तिच्यावर. चुकलंच. 

२५ फेब्रु., बुध.

स्नेहाने फॉर्म पाठवलाय, प्रिंट काढून आणली. "सर, तीनच दिवस." गाडी पुढून चेपलेली, अंगणात झाकून ठेवलीय. तिचं इंजिन ठणठणीत आहे. शेखचाचा म्हणाले ते खरं. माझ्यापेक्षा ती जास्त दिवस टिकणार.

राजूला अपघाताचं कळलंय, डोळ्यांचं अजून सांगितलं नाही. रिक्षाने गेलो. त्याला वाटतं धसका घेतलाय. "पुन्हा चालवायला लाग, नाहीतर भीती घर करते." त्याचं प्रेमच आहे ते.

२६ फेब्रु., गुरु.

मंगलताईला घरी सोडलंय. सु. बरोबर भेटायला गेलो. ती एका हाताने चहा करायला उठत होती, सु. ने बसवलं. अंगणात फुलांची पाटी तशीच पडलेली, काळी पडलेली फुलं. ओवणार कोण.

निघताना भाऊसाहेब रस्त्यापर्यंत सोडायला आले. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, एक इचारू? राग नका धरू. माझ्या गाडीचा दिवा लागत व्हता का हो?"

म्हटलं, का?

"तिची आई म्हणती, तुझी स्कूटर जुनाट, दिवाच बंद असंल, म्हनून त्यांना दिसला नाय. भावकी बी तेच म्हनती. मी तर लावला व्हता. पण आता मलाच भरोसा नाय राह्यला. लय इचार येतो. माझ्यामुळंच हिचा हात गेला का? तुमी समोर व्हता. तेवढं सांगा, मंजी मी गप बसतो."

मी काय बोललो? "अंधार होता हो. लक्षात नाही." 

हे बोललो मी. माणसाला मान खाली घालून परत जाताना बघितलं आणि रिक्षात बसलो. सु. ने ऐकलं होतं सगळं.  

२७ फेब्रु.

पत्रा काढलेला, वाट उघडी, स्कूटरचं तोंड माझ्याकडे. दिवा लागत होता. रस्त्यावर पडलेल्या स्कूटरचा दिवा लागलेलाच होता, झेंडूवर उजेड पडला होता. मी गाडीतून उतरलो तेव्हा त्याच उजेडात मंगलताईचा हात पाहिला. मला लक्षात आहे. पहिल्या क्षणापासून लक्षात आहे.

२८ फेब्रु., शनि.

दुपारी तीन. शोरूम सातला बंद. स्नेहाचे दोन मिस्ड कॉल. फॉर्म टेबलावर, पेन त्यावर. सही केलेली नाही, फाडलेलाही नाही. खरं सांगायचं तर आत्ताही मन म्हणतंय, करून ठेव, काय जातंय. सवय जात नाही. 

खरं सांगितलं तर काय होईल? पोलिसात जातील, लायसन्स जाईल. राजूला कळेल, शॉपमध्ये कळेल. त्यांच्या लेखी माझं देवमाणूसपण संपेल. कदाचित मंगलताईचा भाऊ हात उचलेल, त्याचा हक्कच आहे. गाडीचं काय करायचं ते मला आजही ठरवता येत नाही.  

सु. तयार होऊन दारात उभी आहे. रिक्षा बोलावलीय. मी म्हटलं, आधी शोरूम की आधी विल्होळी? ती म्हणाली, "तुम्ही सांगा रिक्षावाल्याला."

विल्होळी सांगतो.

दिवा लागत होता, एवढंच सांगायला चाललोय. मग आम्ही दिसलो कसे नाही, हे ते विचारतीलच.